ओटीपी सांगण्याआधी: टीव्हीचा पडदा बिघडला तर ग्राहकानं काय करायचं

"काकू, मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा." सर्व्हिस सेंटरचा पोरगा चपला घालता घालता हे म्हणतो. काकू चहाचा कप उचलता उचलता चार आकडे सांगून मोकळ्या होतात. तिकडे कंपनीच्या कॉम्प्युटरवर नोंद होते: तक्रार निकाली, ग्राहक समाधानी.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या आत्याचं अगदी असंच झालं. ४३ इंची टीव्ही, नवी पेठेतल्या एका दुकानातून दिवाळीत घेतलेला, बिल ३१,९९० रुपयांचं. अकराव्या महिन्यात, गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचा हिरवट पट्टा उमटला. सर्व्हिसवाल्यानं पाच मिनिटं बघितलं, दोन फोटो काढले, "पॅनल गेलाय, वर कळवतो" म्हणाला आणि ओटीपी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही, पॅनलचा खर्च २२,४०० रुपये. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. कायद्याचं शिक्षण नाही, पण कागद जपायची सवय आहे. आत्याचा पॅनल शेवटी फुकट बदलून मिळाला, त्याला अडीच महिने लागले. त्यातले निदान दोन महिने त्या पहिल्या पाच मिनिटांत काय लिहिलं गेलं ते पुसण्यात गेले. म्हणून या लेखात ग्राहक आयोग आणि कायद्याची कलमं यांच्याइतकीच जागा मी घरातल्या गोष्टींना देणार आहे. टीव्हीच्या तक्रारीचा निकाल बहुतेक वेळा तुमच्या हॉलमध्येच ठरतो.

दोष टीव्हीचाच आहे ना?

फोन लावण्याआधी दहा मिनिटं काढा. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावा, जमलं तर दुसरी केबल वापरून बघा. मग रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेषा किंवा डाग मेनूवरही दिसत असेल तर बॉक्स, केबलवाला आणि इंटरनेट तिघंही सुटले, दोष टीव्हीत आहे. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये 'पिक्चर टेस्ट' असते. तीही चालवून तिचा फोटो काढून ठेवा.

आता पडदा काय दाखवतोय ते नीट बघा, कारण पुढचं भांडण याच वर्णनावर होतं. उभ्या रेषा किंवा पट्टा, अर्धा पडदा फिका किंवा काळा, असं असेल तर बहुधा पॅनलच्या काठावर चिकटवलेल्या पातळ फिल्मच्या जोडात किंवा टी-कॉन बोर्डात, म्हणजे पडद्याला चित्राचे सिग्नल देणाऱ्या आतल्या सर्किटात, बिघाड असतो. आवाज येतोय पण चित्र नाही, असं असेल तर खोलीत अंधार करा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. हे काम पॅनलपेक्षा कितीतरी स्वस्त असतं, त्यामुळे "पॅनलच बदलावा लागेल" असं कुणी म्हणालं तर ही टॉर्चची गोष्ट लक्षात ठेवा. पडद्यावर गोल गोल पांढरे ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची छोटी भिंगं गळून पडलेली असतात. एखाददुसरा मेलेला पिक्सेल असेल तर मात्र फार आशा धरू नका. किती पिक्सेलपर्यंत दोष मानायचा नाही हे कंपन्या अटींमध्येच लिहून ठेवतात.

आणि खराखुरा मार लागलेला पॅनल कसा दिसतो तेही माहीत हवं. एका बिंदूपासून फुटलेलं कोळ्याचं जाळं, किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग, जो दिवसेंदिवस पसरतो. तसं असेल आणि पोराची बॅट लागली असेल तर वॉरंटीत काही मिळणार नाही. खोटं बोलून तक्रार रेटण्यात अर्थ नाही, पॅनल उघडला की मार कुठं बसला ते दिसतं. मी आत्याला पहिला प्रश्न हाच विचारला होता: कुणाचा धक्का, पाण्याचं फडकं, काही? तिनं मला अशा नजरेनं पाहिलं की दुसरा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. पण ओल्या फडक्याचं मी उगाच विचारलं नव्हतं. पडद्यावर फवारलेलं पाणी खालच्या फ्रेममध्ये उतरतं आणि तिथल्या जोडांची वाट लावतं.

दोष ओळखला की व्हिडिओ करा. मिनिटभराचा, मध्ये न थांबवता केलेला. आधी टीव्ही बंद ठेवून टॉर्च बाजूनं धरा आणि पूर्ण काच दाखवा, चारही कोपरे. मग टीव्ही चालू करून दोष दाखवा, मेनू उघडून दाखवा, शेवटी मागच्या लेबलवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर. बंद पडद्याची शाबूत काच हा या व्हिडिओचा जीव आहे. चालू पडद्याचे फोटो सगळेच काढतात. बंद पडद्याचा कुणी काढत नाही, आणि "फिजिकल डॅमेज"ला उत्तर देताना नेमका तोच कामाला येतो.

एवढं झालं की टीव्हीला हात लावू नका. कॉलनीतला ओळखीचा मेकॅनिक कितीही चांगला असला तरी वॉरंटी चालू असताना मागचं झाकण उघडू द्यायचं नाही.

कागद गोळा करताना

बिल, वॉरंटी कार्ड, पैसे भरल्याचा पुरावा, इन्स्टॉलेशनचा मेसेज, खोक्यावरच्या लेबलचा फोटो. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार सक्तीचं आहे. पुढं नोटीस कुठं पाठवायची हा प्रश्न त्यानंच सुटतो. खोका रद्दीत गेला असेल तर वॉरंटी कार्डावर बघा.

बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा. आपल्याकडचा एप्रिल-मे माहीत आहे ना. पत्र्याच्या घरात, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलेलं बिल एका उन्हाळ्यात कोरं होतं. आत्याच्या बिलावर दुकानाचं नाव तेवढं उरलं होतं. दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळते. जीएसटीचं बिल त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, त्यामुळे "सापडत नाही" हे उत्तर सहज मान्य करू नका. बिलच दिलं नव्हतं, असं असेल तर बिल देण्यास नकार ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला सांगा. कार्डाचं, यूपीआयचं किंवा हप्त्याचं स्टेटमेंटही खरेदीचा पुरावा म्हणून कामाला येतं.

वॉरंटी कार्ड एकदा तरी पूर्ण वाचा. अक्षर मुंगीएवढं असतं, पण दोन गोष्टी हमखास सापडतात: पॅनलची मुदत बाकी टीव्हीपेक्षा वेगळी आहे का, आणि घरगुती वापराची अट. खाणावळीत, चहाच्या हॉटेलात किंवा कारखान्यात लावलेला टीव्ही बऱ्याच कंपन्या वॉरंटीबाहेर काढतात. कायद्यातही व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहकाचं संरक्षण नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर मात्र आहे.

जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी कोण देतंय तेही बघा. कंपनी, दुकान की तिसरीच कुणी. तिसरी असेल तर पहिल्या वर्षात कंपनीकडं आणि त्यानंतर तिच्याकडं जायचं असतं. हे न कळल्यामुळं लोक आठवडे वाया घालवतात.

तक्रार नोंदवताना

दुकानात जाऊन तोंडी सांगणं ही तक्रार नव्हे. दुकानदार "पाठवतो माणूस" म्हणतो, पंधरा दिवस जातात, आणि वॉरंटी संपायला आठवडा उरलेला असेल तर तेवढ्यात ती संपतेही. कंपनीच्या क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा आणि नंबर घ्या. पहिली तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदलेली असेल तर दुरुस्ती लांबली म्हणून तुमचा हक्क जात नाही. म्हणून तो पहिला नंबर जपा. कंपनी मध्येच तक्रार बंद करून नवा नंबर देते, तेव्हाही पत्रव्यवहारात पहिलाच नंबर आधी लिहा.

त्याच दिवशी ईमेलही करा. भाषा साधी ठेवा. आत्याच्या नावानं मी असं लिहिलं होतं:

"मॉडेल अमुक, सिरियल नंबर तमुक, बिल क्रमांक व तारीख. दिनांक अमुकपासून पडद्याच्या उजव्या बाजूस उभा हिरवा पट्टा दिसत आहे. तो टीव्हीच्या मेनूवरही दिसतो. काच पूर्णपणे शाबूत असून टीव्ही पडलेला किंवा उघडलेला नाही. व्हिडिओ सोबत जोडला आहे. टीव्ही वॉरंटीत असल्याने विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी."

फक्त हे मी दुसऱ्या फेरीला लिहिलं. पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

तंत्रज्ञ घरी आला की

हा पोरगा तुमचा शत्रू नाही. दिवसाला दहा-बारा घरं करतो, विजापूर रोडवरून निघून अक्कलकोट रोडपर्यंत उन्हात गाडी चालवतो, आणि तक्रार लवकर बंद करण्याचा ताण त्याच्यावर असतो. पाणी द्या, चहा द्या. पण तो काय लिहितोय ते वाचा.

जॉब शीट कागदावर असेल तर प्रत मागा, टॅबवर असेल तर स्क्रीनचा फोटो घ्या. त्यात तीन गोष्टी यायला हव्यात: त्याला प्रत्यक्ष काय दिसलं, काचेची स्थिती, आणि त्याच्या मते कारण काय. "पॅनल खराब" एवढंच लिहिलं असेल तर म्हणा, "काच शाबूत आहे हेही लिहा की." बहुतेक जण लिहितात, कारण ते समोर दिसत असतं. आत्याकडं दुसऱ्यांदा आलेल्या तंत्रज्ञानं पट्ट्यावर बोट ठेवून, मग बोट काचेवरून आडवं फिरवून बघितलं. कुठं अडकलं नाही. "फुटलेलं नाही हो हे," तो स्वतःशीच पुटपुटला. मी म्हणालो, तेवढंच लिहा. त्यानं लिहिलं, 'नो क्रॅक ऑन ग्लास'. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात आमचं हत्यार हे चार शब्द होते.

त्यानं मान्य नसलेलं काही लिहिलं आणि बदलायला नकार दिला तर सही करताना वर लिहा: "वरील शेरा मान्य नाही. काच शाबूत आहे." टॅबवर तशी जागा नसेल तर सही करू नका आणि लगेच ईमेलनं कळवा.

आणि ओटीपी. कंपनीच्या हिशेबात ओटीपी म्हणजे तुमची सही. काम झालं नसेल, नुसती पाहणी झाली असेल, तर ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्ये वाचा. भेट नोंदवण्यासाठी असेल तर ठीक. तक्रार बंद करण्यासाठी असेल तर द्यायचा नाही. "मला दंड बसेल, काकू" असं तो म्हणेल आणि कदाचित ते खरंही असेल. तरीही नाही. त्याला म्हणा, "प्रलंबित म्हणून नोंद कर, मी सेंटरला फोन करून सांगतो."

टीव्ही सेंटरला न्यायचा म्हणाले तर पावतीशिवाय दारातून बाहेर जाऊ देऊ नका. पावतीवर सिरियल नंबर आणि "नेताना काच शाबूत" ही नोंद हवी. रिक्षात आडवा टाकून नेलेला टीव्ही सेंटरला पोहोचेपर्यंत खरोखरच फुटू शकतो. मग जाळं कुणी पाडलं हे सांगणार कोण?

तीन ठरलेली उत्तरं

"फिजिकल डॅमेज", "व्होल्टेज" आणि "आत पाल-झुरळ गेलं". वॉरंटी नाकारताना ही तीन कारणं सर्रास येतात. कधी ती खरीही असतात. तिन्हींना प्रतिसाद एकच: कारण लेखी द्या, फोटोसह द्या, आणि ते कारण या दोषाला कसं लागू होतं ते सांगा.

फिजिकल डॅमेज म्हणताय तर मार कुठल्या जागी बसला तो बिंदू दाखवा. व्होल्टेज म्हणताय तर पॉवर बोर्ड तपासला का, त्यावर काय जळालं? पॉवर बोर्ड ठणठणीत आहे, आवाज येतो, बाकी पडदा स्वच्छ आहे, तर व्होल्टेजनं एकच उभी पट्टी कशी निवडली? पाल गेली म्हणताय तर झाकण उघडल्याचा फोटो दाखवा. हे सगळं रागानं नाही, ईमेलमध्ये क्रमांक घालून विचारायचं. आम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी एकालाही उत्तर आलं नाही, आणि ही न आलेली उत्तरंच पुढं उपयोगी पडली.

दुकानदाराची सुटका नाही

"आम्ही फक्त विकतो, कंपनीकडं जा." बोलण्यापुरतं ठीक आहे. पैसे दुकानानं घेतले, बिल दुकानाचं आहे, त्यामुळे तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांनाही पक्ष करता येतं. बिलाच्या खाली छापलेलं "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य सदोष मालाला झाकत नाही. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत धरतात, काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. म्हणून टीव्ही घेतल्यावर महिन्याच्या आत पट्टा आला तर दुरुस्तीच्या चक्रात पडण्याआधी बदलून किंवा पैसे परत मागा, लेखी.

ऑनलाइन घेतला असेल तर बिलावर विक्रेत्याचं नाव बघा. ते ॲपचं नसतं, कुठल्या तरी वेगळ्याच फर्मचं असतं. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करायचं असतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ केला नसेल तर पुढच्या वेळी करा. डिलिव्हरीतच फुटलेल्या पॅनलसाठी तोच कामी येतो.

हप्त्यांवर घेतलेल्यांसाठी एक इशारा. टीव्ही बिघडला म्हणून हप्ता थांबवू नका. कर्ज देणाऱ्याचा करार वेगळा आहे. चेक बाउन्सचा दंड आणि खराब झालेला सिबिल तुमच्याच पदरी पडतो.

१९१५ आणि नोटीस

पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वेगळ्या टेबलावर पोहोचवते. सर्व्हिस सेंटरच्या वरच्या माणसाचा फोन आम्हाला पहिल्यांदा त्यानंतरच आला.

सोबत नोटीस पाठवा. वकिलाची असलीच पाहिजे असं नाही, आणि आयोगात जाण्याआधी नोटीस सक्तीचीही नाही. पण समजावून सांगूनही ऐकलं नाही हे त्यातून दिसतं. एक पान पुरे: खरेदी, दोष, तक्रारींच्या तारखा, तंत्रज्ञाचा शेरा, तुमची मागणी, १५ दिवसांची मुदत. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि दुकान, दोन्हीकडं पोचपावतीसह स्पीड पोस्टानं. पावत्या टाचून ठेवा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं छापून घ्या, पण मूळ फोनमधून पुसू नका.

जिल्हा आयोगात

आयोगाचं नाव काढलं की आपल्याकडं लोक दचकतात, कोर्ट-कचेरी म्हणून. जितकं वाटतं तितकं ते अवघड नाही.

सोलापूर जिल्ह्याचा स्वतःचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुणालाही तिथं जाता येतं. कंपनी दिल्लीची असो वा बंगळुरूची, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वॉरंटी कार्डावर "वाद अमुक शहरातल्याच न्यायालयात" असं छापलेलं असतं. त्याला घाबरून घरी बसू नका. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे टीव्हीचा प्रश्न इथंच मिटला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत लिहिता येते. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल करता येते. टाइप करणं जमत नसेल तर कोर्टाबाहेरचे टायपिस्ट किंवा ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि प्रती. विरुद्ध पक्ष म्हणून दुकान, कंपनी आणि हवं तर सर्व्हिस सेंटर लिहा, पत्ते बरोबर द्या. चुकीच्या पत्त्यामुळं नोटीस परत आली की महिना गेलाच म्हणून समजा.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलंय की ४५ दिवसांपुढं मुदत वाढवताच येत नाही. तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी मुदत नव्या कायद्यातही तीच आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतं, मन तयार ठेवा.

खरी मेख पुराव्यात आहे. "उत्पादनात दोष आहे" हे तुम्हाला दाखवावं लागतं. समोरचा म्हणेल, तज्ज्ञाचा अहवाल कुठाय? आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. म्हणूनच कंपनीच्याच तंत्रज्ञानं कंपनीच्याच जॉब शीटवर "काच शाबूत" लिहिलेलं असणं इतकं मोलाचं. कंपनीच्या माणसाचा शेरा कंपनीला सहज झटकता येत नाही.

मागायचं काय? दोष दूर करणं, टीव्ही बदलून देणं किंवा पूर्ण रक्कम व्याजासह परत, त्याशिवाय त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च. रक्कम बिलाची, जीएसटीसह. वाढीव वॉरंटीचे पैसेही धरा. भरपाईचा आकडा मात्र शुद्धीवर राहून लिहा. बत्तीस हजारांच्या टीव्हीसाठी पाच लाखांचा मनस्ताप मागितला की बाकीची खरी मागणीही हलकी होते. 'प्रॉडक्ट लायबिलिटी'चं प्रकरणही इथं ओढून आणू नका. टीव्ही पेटून भिंत, फर्निचर किंवा माणसाला इजा झाली तर ते लागू होतं, फक्त टीव्हीच बिघडला तर नाही. आणि तीनदा बिघडला की नवा टीव्ही मिळतोच, असा नियम कायद्यात कुठंही नाही. तेच तेच दुखणं वारंवार परत येणं हा तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे, एवढंच.

निकाल लागूनही पैसे दिले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम दाखवलं की चेक लवकर निघतो. अपील राज्य आयोगात, ४५ दिवसांत, आणि कंपनीला अपिलासाठी आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मध्येच तडजोड आली तर

येते. आमच्याकडं नोटिशीनंतर आली. पहिला प्रस्ताव होता: "पॅनल उपलब्ध नाही, घसारा वजा करून ६० टक्के परत देतो." वॉरंटीतल्या वस्तूचा सुटा भाग कंपनीकडं नाही, यात ग्राहकाचा काय दोष? मी एवढंच उत्तर लिहिलं आणि पूर्ण रक्कम किंवा त्याच दर्जाचा टीव्ही मागितला. दहा दिवसांनी नसलेला पॅनल कुठून तरी सापडला.

घसारा घ्यायचाच नाही असंही नाही. टीव्ही तीन वर्षांचा असेल, वाढीव वॉरंटीत असेल, तर ७० टक्क्यांत नवा घेऊन मोकळं होणं दोन वर्षं हेलपाट्यांपेक्षा परवडतं. फक्त "फुल अँड फायनल" असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका.

वॉरंटी संपून गेलीय

मग हात बऱ्यापैकी बांधलेले असतात. मुदत संपून दोन-तीन महिनेच झाले असतील तर कंपनीला लिहा, काही कंपन्या सुट्या भागात सवलत देतात. आधी अंदाजपत्रक लेखी घ्या. पॅनलचा खर्च बहुतेक वेळा टीव्हीच्या निम्म्या किमतीच्या वर जातो, तेव्हा बाहेरच्या चांगल्या कारागिराला दाखवायला हरकत नाही. एलईडीच्या पट्ट्या, टी-कॉन बोर्ड ही कामं आपल्या शहरात नीट होतात. त्याच्याकडूनही बिल घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्या. पैसे देऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे, आठ दिवसांत तीच रेषा परत आली तर त्याबद्दलही तक्रार करता येते. केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे. तिथं काही कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

पॅनल बदलून आला की

जॉब शीटवर "पॅनल बदलला" आणि नव्या पॅनलचा सिरियल नंबर लिहून घ्या. बदललेल्या भागाला हमी किती ते विचारा. बहुधा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच असते, ती संपत आली असेल तर निदान नव्वद दिवस लेखी मागा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून बघा, कडेनं प्रकाश गळतोय का ते दिसतं. मागचे स्क्रू मोजा, हसू नका, आमच्यात दोन कमी निघाले होते.

आत्यानं हे सगळं करून घेतलं. मग त्या पोराला खुर्ची दिली, शेंगाची पोळी दिली आणि रिमोट हातात घेऊन साडेसातची मालिका लावली. पोरगा घड्याळ बघत होता. "काकू, ओटीपी..." जाहिराती संपल्या, मालिका पुन्हा सुरू झाली, पडद्याच्या उजव्या बाजूला काही नव्हतं. तेव्हा कुठं तिनं चष्मा लावला आणि मेसेज उघडला.